पेनसिल्व्हेनियाची मोजणी लांबली म्हणजे घोटाळा झाला का?

नदीकाठ (५ नोव्हेंबर २०२०)

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचं मतदान होऊन दोन दिवस झाले, आमच्या पेनसिल्व्हेनियाचा निकाल अजून लागत नाही. बुधवारी सकाळी तात्या (म्हणजे आपले ट्रम्प) साडेसहा लाखांहून जास्त मतांनी पुढे होते. ती आघाडी आता विरघळत चालली आहे, आणि आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर "रातोरात पेट्या आणल्या" सुरू झालंय. पुण्याचे मेहुणेही तेच विचारतात. प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो.

पेट्या रातोरात आलेल्या नाहीत. बहुतेक पाकिटं मंगळवारच्या आधीच येऊन पडली होती. त्यांना हात लावायला कायद्याने बंदी होती.

कारण न देता कुणालाही टपालाने मत देता येईल असा कायदा इथे ऑक्टोबर २०१९ मध्ये झाला. तेव्हा करोनाचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. विधिमंडळाची दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांची (तात्यांच्या पक्षाची), सही करणारे गव्हर्नर टॉम वुल्फ डेमोक्रॅट. दोघांनी मिळून गुण्यागोविंदाने केलेला कायदा. मग साथ आली आणि राज्यात सुमारे २६ लाख लोकांनी टपालाने मत दिलं. मतपत्रिका आधी एका कोऱ्या पाकिटात घालायची, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, आणि बाहेरच्यावर सही. आतलं कोरं पाकीट विसरलात की मत बाद. बायकोने आमची पाकिटं दोनदा तपासली, गावाला निघताना गॅसचं बटण तपासतात तशी.

हे सगळं उघडून, घड्या सपाट करून स्कॅनरमध्ये घालायला वेळ लागतो. फ्लोरिडात हे काम आधीच उरकून ठेवतात, म्हणून तिथला निकाल त्याच रात्री कळला. आमच्याकडे मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी पाकीट उघडायचं नाही. हा नियम बदला म्हणून काउंटीचे (जिल्ह्याचे) अधिकारी महिनोन् महिने विनवत होते. विधिमंडळाने बदलला नाही. त्यात तात्यांनी आपल्या मतदारांना उन्हाळाभर सांगितलं की टपालावर विश्वास ठेवू नका. त्यामुळे बूथवरची मतं जास्त त्यांची आणि पाकिटातली जास्त बायडन यांची. बूथ आधी मोजले, पाकिटं नंतर. यात गूढ काय आहे?

आणखी एक. काल देशात पहिल्यांदाच एका दिवसात एक लाखाच्या वर नवे रुग्ण सापडले. ग्रुपवर त्याबद्दल एक ओळ नाही.

आडगावचा शहाणा (५ नोव्हेंबर)

धागाकर्त्यांनी निम्मी गोष्ट सांगितली. उरलेली मी सांगतो.

मी न्यू जर्सीत राहतो, पॅटरसनपासून वीस मिनिटांवर. मे महिन्यात तिथली नगरपालिका निवडणूक साथीमुळे पूर्णपणे टपालाने घेतली. एकेका टपालपेटीत मतपत्रिकांचे गठ्ठे सापडले. जवळपास पाचातली एक मतपत्रिका बाद ठरली, चौघांवर आरोप ठेवले गेले, आणि ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी एका वॉर्डाची निवडणूकच नव्याने घ्यायला लावली. हे तात्यांच्या ट्विटात नाही, कोर्टाच्या निकालात आहे. २००५ साली माजी अध्यक्ष जिमी कार्टर (डेमोक्रॅटच की!) आणि रिपब्लिकन जेम्स बेकर यांच्या आयोगानेही लिहून ठेवलंय की गैरप्रकाराला सगळ्यात जास्त वाव टपाली मतातच आहे.

या वेळी आमच्या राज्याने सरसकट सगळ्यांना मतपत्रिका पाठवल्या. माझ्या दारात आधीच्या भाडेकरूंच्या नावाच्या दोन आल्या. मी फाडून टाकल्या. प्रत्येक जण फाडेल?

आणि तुमच्याच राज्यात पाकीट पोचायची मुदत मंगळवारी रात्री आठपर्यंत होती. कायद्यात तसं लिहिलंय. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती तीन दिवसांनी वाढवली. एकदिवसीय सामन्यात पन्नासावं षटक चालू असताना पंच म्हणाले, आज त्रेपन्न षटकांचा खेळ, तर तुम्ही टाळ्या वाजवाल का? पाऊस पडला होता हे मान्य. पण षटकं वाढवायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न उरतोच.

माझं दुकान मार्चच्या शेवटापासून जूनपर्यंत बंद होतं. रस्त्यापलीकडचं मोठं दुकान उघडं, कारण तिथे दूधही मिळतं. त्या दुधाशेजारी ते माझ्याकडचाच माल विकत होते. मी कुणाला मत दिलं ते सांगत नाही, पण तुम्हाला कळलंच असेल.

बिनकामाचा (५ नोव्हेंबर)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. येऊ द्या.

कोकणकन्या (६ नोव्हेंबर)

मी मिलवॉकीत इस्पितळात काम करते. तुम्ही दोघं नोव्हेंबरवर भांडताय, आम्ही हे एप्रिलमध्येच भोगलंय.

७ एप्रिलला विस्कॉन्सिनची प्राथमिक निवडणूक होती. आमचे गव्हर्नर टोनी एव्हर्स, डेमोक्रॅट, आधी आठवडे दोन आठवडे म्हणत होते की निवडणूक होणारच. आदल्या दिवशी दुपारी त्यांना उपरती झाली आणि त्यांनी ती पुढे ढकलली. संध्याकाळपर्यंत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश उडवला. त्याच रात्री वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी टपाली मतांची वाढीव मुदतही नाकारली. लोकांनी मागितलेल्या मतपत्रिका अजून घरी पोचलेल्या नव्हत्या.

एरवी मिलवॉकीत १८० च्या आसपास मतदान केंद्रं असतात. त्या दिवशी पाच होती. केंद्रांवर काम करणारे बहुतेक निवृत्त आजी-आजोबा, ते जिवाच्या भीतीने आले नाहीत, यात त्यांची काय चूक? नॅशनल गार्डचे जवान खुर्च्यांवर बसवले. रात्रपाळी करून आले नि तशीच रांगेत उभी राहिले, अडीच तास. माझ्या पुढच्या बाई वॉकर घेऊन आल्या होत्या. आणि राज्याच्या विधानसभेचे रिपब्लिकन सभापती मास्क, हातमोजे आणि अंगभर संरक्षक झगा घालून कॅमेऱ्यासमोर सांगत होते की बाहेर पडणं अगदी सुरक्षित आहे! आमच्या वॉर्डात झगे पुरत नव्हते त्या दिवसांत.

शहाणेसाहेब, पंच आणि षटकं ठीक आहे. पण मैदानात उतरलो तर मरू अशी भीती असलेला खेळाडू तुमच्या उदाहरणात कुठे बसतो?

आडगावचा शहाणा (६ नोव्हेंबर)

ताई, तुम्हाला सलाम, मनापासून. पण तुमच्याच गोष्टीत चूक दोन्हीकडची दिसते. गव्हर्नर शेवटच्या दिवशी जागे झाले.

कोकणकन्या (६ नोव्हेंबर)

मी कुठे नाही म्हटलं?

चावडीवरचा (६ नोव्हेंबर)

राम राम मंडळी. साताऱ्याहून लिहितोय. एवढी महासत्ता, चंद्रावर माणूस पाठवला, आणि पाकिटं मोजता येईनात? आमच्याकडे बिहारमध्ये सात कोटींच्या वर मतदार आहेत. साथ चालू असतानाच तीन टप्प्यांत मतदान, उद्या तिसरा टप्पा, दहा तारखेला मोजणी. एका केंद्रावर हजारापेक्षा जास्त मतदार नकोत, ऐंशीच्या वरच्यांना आणि करोना रुग्णांना टपाली मत, बाकीच्यांना यंत्र. दुपारच्या जेवणापर्यंत चित्र स्पष्ट. एक देश, एक आयोग. अमेरिकेने आपले अधिकारी आमच्याकडे शिकायला पाठवावेत. (हलके घ्या.)

नदीकाठ (६ नोव्हेंबर)

चावडीवरचे, इथे असा एक आयोगच नाही. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे आणि तीन हजारांवर काउंट्या. टेक्सासात ६५ वर्षांखालच्या माणसाला करोनाची भीती वाटते म्हणून टपाली मत मिळत नाही, कोलोराडोत वर्षानुवर्षं सगळ्यांना घरपोच मिळतं. गैरप्रकार करायचा तर इतक्या ठिकाणी वेगवेगळा करावा लागेल, हा त्या गोंधळाचा एक फायदा म्हणा हवं तर.

शहाणे, पॅटरसन खरंच आहे. २०१८ साली नॉर्थ कॅरोलायनात रिपब्लिकन उमेदवाराच्या माणसाने टपाली मतांत असाच घोळ घातला, तेही खरं, आणि तिथेही निवडणूक नव्याने घ्यावी लागली. पण दोन्हीकडे लबाडी नगरपालिका किंवा एका मतदारसंघापुरती होती आणि लगेच उघडी पडली. लाखभर मतांची लबाडी लपवायची तर गठ्ठे ठेवायला टपालपेट्या तरी पुरतील का?

मुदतवाढीबद्दल तुमच्या मुद्द्यात दम आहे, नाही म्हणत नाही. म्हणूनच मंगळवारी रात्री आठनंतर आलेली पाकिटं वेगळी ठेवली आहेत. ती सगळी उद्या कोर्टाने फेकायला सांगितली तर फेकू द्या. आज सकाळी बायडन इथे पुढे गेले, ते त्या पाकिटांशिवाय.

रात्रपाळी (७ नोव्हेंबर)

चावडीवरच्यांनी आयोगाचं कौतुक केलं म्हणून आठवलं. मे महिना विसरलात का? आपले मुख्यमंत्री उद्धव ठाकरे कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. २७ मेच्या आत निवडून येणं भाग, आणि आयोगाने साथीमुळे निवडणुका पुढे ढकललेल्या. मग मंत्रिमंडळाची शिफारस, राज्यपालांचं आयोगाला पत्र, पंतप्रधानांना फोन. शेवटी २१ मे तारीख मिळाली आणि नऊच्या नऊ जागा बिनविरोध! मतदान करायची वेळच आली नाही. साथीत निवडणूक घ्यायची की नाही, हे शेवटी कुणाला हवी आहे त्यावर ठरतं, तिकडेही आणि इकडेही.

मी स्वतः या निवडणुकीत कुणीच नाही. मार्चच्या सुरुवातीला बाबांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आलो, व्हिसाचा शिक्का नवा करायचा होता, वकिलात बंद झाली. २२ जूनला तात्यांनी वर्षअखेरपर्यंत नव्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) धारकांना प्रवेशबंदी केली. तेव्हापासून कोथरूडमध्ये बसून रात्रभर टेक्सासचं काम करतो. टेक्सासच्या घराचं भाडं चालू आहे, अंगणातलं गवत शेजारी कापतो. ह्यूस्टनच्या स्टेडियमात गेल्या सप्टेंबरात 'हाउडी मोदी'ला मीही टाळ्या वाजवल्या होत्या, फेब्रुवारीत मोटेराचं 'नमस्ते ट्रम्प' टीव्हीवर पाहिलं होतं. चार महिन्यांत दार बंद. तेव्हा "भारताचा मित्र कोण" या चर्चेत मला ओढू नका.

बिनकामाचा (७ नोव्हेंबर)

लागला निकाल! पेनसिल्व्हेनिया बायडन यांना, आणि तात्यांच्या वकिलांची पत्रकार परिषद त्याच वेळी फिलाडेल्फियात एका बागकामवाल्याच्या दुकानामागे. दुकानाचं नाव फोर सीझन्स, त्याच नावाचं बडं हॉटेल समजून गेले असतील लोक चहा-बिस्किटांच्या आशेने. शेजारी स्मशान आहे म्हणे.

आडगावचा शहाणा (८ नोव्हेंबर)

हसा. पण सात कोटींहून जास्त लोकांनी तात्यांना मत दिलंय, २०१६ पेक्षा कितीतरी जास्त. ते सगळे मूर्ख नाहीत. एडिसन या संस्थेच्या मतदानोत्तर पाहणीत सर्वात महत्त्वाचा मुद्दा अर्थव्यवस्था म्हणणारे ३५ टक्के आणि करोना म्हणणारे १७ टक्के. माझ्यासारखे बरेच आहेत.

फ्लोरिडाकडे बघा. तिथे तात्या जिंकले, आणि त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन तासाला १५ डॉलरपर्यंत नेण्याचा ठरावही ६० टक्क्यांच्या वर मतांनी मंजूर झाला. म्हणजे लोकांना पोटाचं कळतं. "घरी बसा" सांगणारे बहुतेक जण घरी बसूनही पगार मिळणारे होते, हे डेमोक्रॅटांना अजून कळलेलं नाही.

नदीकाठ (८ नोव्हेंबर)

शेवटचं वाक्य मला लागलं, कारण मी त्यातलाच. मार्चपासून एकही पगार चुकला नाही.

तरी एपी वृत्तसंस्थेच्या पाहणीत उलट चित्र आहे: करोना ४१ टक्के, अर्थव्यवस्था २८. प्रश्न विचारायची पद्धत बदलली की उत्तर बदलतं. मला वाटतं, एकाच संकटाला एक पक्ष आजार म्हणत होता आणि दुसरा बंदी.

आडगावचा शहाणा (९ नोव्हेंबर)

आणि घ्या! आज फायझरने जाहीर केलं, लस ९० टक्क्यांहून जास्त परिणामकारक. मतदानानंतर सहाव्या दिवशी. दहा दिवस आधी आलं असतं तर?

कोकणकन्या (९ नोव्हेंबर)

दहा दिवस आधी आलं असतं तर "निवडणुकीसाठी घाई केली" म्हणून निम्म्या देशाने ती टोचून घेतली नसती. तशी भीती आमच्या वॉर्डातल्या परिचारिकासुद्धा बोलून दाखवत होत्या, आणि त्या काही तात्यांच्या मतदार नाहीत.

मात्र लसीसाठी आगाऊ पैसा ओतला याचं श्रेय तात्यांना द्यायलाच हवं. फायझरने संशोधनाला सरकारी पैसे घेतले नाहीत, पण १० कोटी डोसांची जवळपास दोन अब्ज डॉलरची मागणी सरकारने जुलैतच नोंदवून ठेवली होती. हेच त्यांनी मास्क लावून सांगितलं असतं तर कदाचित जिंकले असते. असो. आज बातमी वाचली तेव्हा आम्ही चौघी भांडारखोलीत जाऊन रडलो. मला या धाग्यावर आणखी भांडायचं नाही.

नदीकाठ (१० नोव्हेंबर)

चावडीवरचे, साताऱ्यात आता संध्याकाळ झाली असेल. दुपारच्या जेवणापर्यंत चित्र स्पष्ट होणार होतं ना बिहारचं?

चावडीवरचा (११ नोव्हेंबर)

पहाटेपर्यंत जागलो. हजार मतदारांच्या अटीमुळे केंद्रं लाखाच्या वर गेली, म्हणून यंत्रं वाढली, म्हणून फेऱ्या वाढल्या. एनडीए १२५, महाआघाडी ११०. हिलसा नावाच्या मतदारसंघात राजदचा उमेदवार १२ मतांनी पडला, आणि तिथे १८२ मतं बाद ठरवली म्हणून रात्रीपासून आरडाओरडा चाललाय.

कसली मतं बाद झाली ते विचारू नका.

आडगावचा शहाणा (११ नोव्हेंबर)

टपाली?

चावडीवरचा (११ नोव्हेंबर)

झोपतो आता.