तुमच्या घरातलं झुरळ कोणतं? नाशिककरांनो, अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात रात्री दोनला पाणी प्यायला उठले. दिवा लावला आणि ओट्यावरची आठ-दहा बारकी झुरळं डोळ्यांदेखत ट्रॉलीच्या फटीत शिरली. फवारणी करून पंधरा दिवसही झाले नव्हते. मग वाचायला बसले, तेव्हा कळलं की आपण सरसकट झुरळ म्हणतो त्यात निदान दोन वेगळे जीव आहेत. गटारातून येणारं लालसर तपकिरी, साडेतीन-चार सेंटिमीटरचं ते अमेरिकन झुरळ. फिकट, जेमतेम दीड सेंटिमीटरचं, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेलं ते जर्मन. नावांवर जाऊ नका. पहिलं मूळचं आफ्रिकेतलं. दुसऱ्याचं मूळ आपल्याच दक्षिण आशियात, सुमारे 2100 वर्षांपूर्वीचं, असं 2024 साली जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. दोघांच्या सवयी वेगळ्या, त्यामुळे उपायही वेगळे. तुमच्याकडे कोणतं होतं, कुठे सापडलं, कशाने गेलं ते सविस्तर लिहा.

पंचवटीतून
आमच्याकडे मोठी. ऑगस्ट 2019 मध्ये गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला, तेव्हा गल्लीतली चेंबरं तुंबली आणि झुरळं मोरीतून वर आली. भिंत चॉकलेटी दिसत होती. आजी देवघरासमोर झाडू घेऊन उभी होती, तिचा तो चेहरा मी विसरणार नाही. पाणी ओसरलं तरी मागच्या, न वापरातल्या बाथरूममधून ती येतच राहिली. शेवटी प्लंबरकाकांनी कारण दाखवलं: वापर नसल्याने जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटलं होतं, म्हणजे गटाराचं दारच उघडं. आता दर रविवारी तिथे एक बादली पाणी ओततो. बारीक जाळी बसवली, चेंबरच्या झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवल्या. औषध मारलंच नाही.

सिडकोतून
ताई, तुमची जर्मन आहेत, नक्की. आमच्याकडे जुन्या बाजारातून घेतलेल्या फ्रिजबरोबर आली. मागची पट्टी उघडली तर कॉम्प्रेसरच्या उबेला दाटीवाटीने बसलेली, आणि सगळीकडे मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके. ती त्यांची विष्ठा. तिच्या वासावर बाकीची तिथे गोळा होतात, म्हणून ती जागा साबणाच्या पाण्याने पुसणं फार महत्त्वाचं. एका मादीच्या शेपटाशी अंड्यांची डबी लोंबत होती. तिच्यात 30-40 अंडी असतात आणि पिल्लं बाहेर पडायच्या बेतापर्यंत ती डबी सोडत नाही. फवाऱ्याने समोरची मरतात, फटीतली राहतात, आणि दोन-तीन महिन्यांत नवी पिढी अंड्यावर येते. आम्हाला जेलने, म्हणजे झुरळांसाठीच्या विषारी आमिषाच्या लगद्याने, गुण आला. बिजागऱ्यांत, सिंकखाली, फ्रिजमागे ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके द्यायचे. खाल्लेलं झुरळ बिळात जाऊन मरतं, आणि त्याची विष्ठा नि मढं खाऊन इतरही मरतात. जेलच्या आसपास फवारा मात्र मारू नका, ती जेलकडे फिरकत नाहीत. रात्री सिंक कोरडं, खरकटं झाकलेलं. महिना-दीड महिना धीर धरला.

सातपूरहून
बोरिक पावडरच्या गोळ्या करताना साखर संपली म्हणून ग्लुकोज पावडर घातली. एकीलाही तोंड लागलं नाही. नंतर वाचलं की काही जर्मन झुरळांना ग्लुकोज कडू लागतं. गोड आमिषं वर्षानुवर्षं वापरल्यावर टिकलेल्यांची ही पैदास, 1993 सालीच नोंदलेली. आमच्याकडे तेच झालं का ते छातीठोक सांगत नाही. गोळ्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशाच ठेवा.

गंगापूर रोडवरून
जिन्यात एक काळी बारीक गांधीलमाशी दिसायची, चिमुकलं पोट झेंड्यासारखं सारखं वरखाली हलवणारी. मी मारायला गेले, तर मुलगी म्हणाली, "आई, थांब, हिचे डोळे निळे आहेत." फोटोवरून शोधलं तर ती मोठ्या झुरळाच्या अंड्यांच्या डबीत आपलं अंडं घालणारी निघाली! तिची अळी डबीतली सगळी अंडी खाऊन टाकते. माणसाला ती त्रास देत नाही. ती दिसली म्हणजे जवळपास डब्या आहेत. मीटरच्या पेटीमागे आम्हाला सात सापडल्या, घेवड्याच्या दाण्यासारख्या गडद तपकिरी. त्यातल्या दोन डब्यांना बाजूला भोक पडलेलं होतं.

नाशिकरोडहून
माझ्या मुलाला दमा आहे. ॲलर्जीच्या चाचणीत झुरळ निघालं. मेलेल्या झुरळांचा भुगा, कात, विष्ठा हे सगळं धुळीत मिसळतं. म्हणून कृपया कपाटांमागे कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. आम्ही ते सुरू केल्यापासून त्याच्या रात्री बऱ्या जातात.

इंदिरानगरहून
परवा सिलिंडरमागे पांढरंशुभ्र झुरळ दिसलं, डोळे तेवढे काळे. नातू म्हणाला, "आजोबा, ही वेगळी जात आहे का?" शेजारीच रिकामी कात पडली होती, पाठीवर उभी चिरलेली. नुकतीच कात टाकली की सगळीच अशी मऊ, पांढरी असतात. आम्ही दोघं टॉर्च घेऊन बसून राहिलो. आधी पाय पिवळट झाले, मग पंखांवर रंग चढला. नातू पेंगला तेव्हा ते मधासारखं दिसत होतं. पहाटे दूध तापवायला उठलो, तर नेहमीचं तपकिरी झुरळ मिश्या हलवत कोपऱ्यात बसलेलं.