बिल्डिंगखालून गाडी चोरीला गेली. एफआयआर, विमा, चावी, सगळाच घोळ. मदत हवी आहे

धायरीचा_भाडेकरू

मंडळी, मंगळवारी रात्री माझी स्प्लेंडर गेली. बिल्डिंगला पार्किंग आहे, पण ते फ्लॅटमालकांचं. आम्ही भाडेकरू, म्हणून आमच्या गाड्या गेटबाहेर भिंतीला लागून. रात्री साडेअकराला हँडल लॉक करून वर गेलो, सकाळी सहाला खाली उतरलो तर जागा रिकामी. आधी वाटलं कुणीतरी सरकवली असेल. मग टोइंगवाल्यांचा संशय आला, पण पहाटे कोण कशाला उचलेल? शेजारच्या गाडीखाली माझं सीट पुसायचं फडकं पडलेलं दिसलं तेव्हा पोटात खड्डा पडला.

गाडी २०२२ च्या दसऱ्याला घेतलेली. ३६ हप्ते होते, शेवटचा गेल्याच महिन्यात गेला. बँकेची एनओसी अजून यायची आहे.

चौकीत गेलो तर म्हणाले, "दोन दिवस आजूबाजूला बघा, पोरं पेट्रोल संपेपर्यंत फिरवतात आणि टाकून देतात." अर्ज लिहून घेतला, त्यावर शिक्का मारून प्रत दिली. म्हणजे एफआयआर झाला का? ताईने पोलिसांच्या साइटवर 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये पण नोंद केलीय.

विम्याचं टेन्शन नाही असं वाटतंय, कारण घेतानाच पाच वर्षांचा काढला होता. शोरूमचा माणूस म्हणाला होता, "आता २०२७ पर्यंत बघायला नको." पण मित्र म्हणतो दोन्ही चाव्या द्याव्या लागतात, आणि माझी दुसरी चावी सापडत नाहीये. धाकट्या भावाची गाडी अजून त्याच भिंतीला लागते, त्यामुळे रात्री दोनदा उठून गॅलरीतून बघतो. तिचं काय करावं तेही सांगा.

निवांत_नाना

हँडल लॉकवर विसंबून गाडी रस्त्यावर ठेवायची आणि मग धागा काढायचा. साखळीला किती पैसे लागतात हो?

धायरीचा_भाडेकरू

नाना, बरोबर आहे तुमचं. पण आता काय करू ते सांगा.

काळा_कोट

शिक्का मारलेला अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. 'लॉस्ट अँड फाउंड' तर मुळीच नव्हे, ते पाकीट, मोबाइल, मार्कशीट हरवली तर. तिथे तुम्ही स्वतःच "गाडी हरवली" असं लिहून बसलात. गाडी हरवत नाही, चोरीला जाते.

उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जा (चौकीत नको) आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली चोरीचा गुन्हा नोंदवायला सांगा. जुन्या लोकांना दंड संहितेचं ३७९ म्हटलं की कळतं, तेच हे. १ जुलै २०२४ पासून तक्रार ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती हातात घेतल्याशिवाय उठू नका. टाळाटाळ झालीच तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने पोलीस उपायुक्तांना पाठवा. बहुतेक वेळा तसं नुसतं नम्रपणे सांगितलं तरी खुर्ची मिळते.

अर्जात इंजिन नंबर आणि चेसिस नंबर लिहिलेत का? नंबरप्लेट पहिल्या तासात बदलली जाते. उद्या गाडी सापडली तर या दोन नंबरांवरूनच सापडेल.

वडगावची_विन्या

बिल्डिंगचं किंवा समोरच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज आजच पेनड्राइव्हवर घ्या. डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) भरला की जुनं आपोआप पुसलं जातं, काही ठिकाणी आठवड्यातच. आमच्याकडे पोलीस दहाव्या दिवशी आले आणि तोपर्यंत सगळं साफ होतं. बहुतेक नंबर दिसणार नाहीच, पाटीवर प्रकाश पडला की नुसता पांढरा चौकोन उमटतो. पण किती वाजता आणि कुठल्या दिशेला एवढं कळलं की पुढच्या चौकातला कॅमेरा तपासता येतो.

आणि रोज ई-चलान बघत जा. कधी कधी चोर पाटी न बदलताच हिंडतो आणि फोटोसकट पावती तुमच्या नावावर येते. तो दंड भरून मोकळे होऊ नका, स्क्रीनशॉट काढून तपास करणाऱ्या हवालदारांना द्या. ठिकाण, वेळ, चेहरा, सगळं एका कागदावर मिळतं.

पॉलिसीबाई

दादा, मी बारा वर्षं विमा क्लेमच्या कामात आहे, म्हणून आधी थोडं वाईट सांगते. तुमच्या "पाच वर्षांच्या" पॉलिसीचा कागद काढा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा सक्तीचा झाला हे खरं. पण तो थर्ड पार्टीचा. म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. तुमची स्वतःची गाडी चोरीला गेली, जळली, फुटली तर 'ओन डॅमेज' भाग लागतो, आणि शोरूममध्ये तो बहुतेक वेळा एकाच वर्षाचा काढलेला असतो. पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या तारखा दिसतील. ओन डॅमेजपुढची तारीख बघून इथे लिहा.

हे मी आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी सांगते, आणि समोरचा दर वेळी शोरूमचं नाव घेऊन चिडतो. कागदावर सगळं लिहिलेलं असतं, फक्त वाचून कुणी दाखवत नाही.

ओन डॅमेज चालू असेल तर कंपनीला आजच फोन करा आणि क्लेम नंबर घ्या. उशीर झाला असेल तरी घाबरू नका. पोलिसांत वेळेवर तक्रार दिलेली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने चोरीचा क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलंय. पोलिसांकडे जायला उशीर केला तर मात्र हा आधार नाही.

चावीचं म्हणाल तर, दोन्ही चाव्या मागतात कारण "चावी गाडीलाच लावून ठेवली होती का?" हा त्यांचा पहिला संशय. एक हरवली असेल तर तसं सरळ लेखी द्या. बाजारातून नवी बनवून "ही दुसरी" म्हणून देऊ नका. कधीही न वापरलेली चकचकीत चावी पाहणाऱ्याला लगेच कळते आणि मग खरा क्लेमही खोटा दिसतो.

पैसे कधी मिळतात हे पुढचा प्रश्न येण्याआधी सांगते. पोलिसांनी "गुन्हा खरा, पण छडा लागला नाही" असा अहवाल द्यावा लागतो. त्याला आपल्याकडे 'ए समरी' म्हणतात. दोन-तीन महिने धरून चला. रक्कम आयडीव्हीप्रमाणे, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीप्रमाणे मिळते, शोरूमच्या किमतीएवढी नाही.

धायरीचा_भाडेकरू

ताई, कागद बघितला. ओन डॅमेज ४ ऑक्टोबर २०२३ ला संपलाय. थर्ड पार्टी २०२७. दोन वर्षं मी विनाविम्याची गाडी चालवत होतो आणि मला वाटत होतं की निम्म्या पुण्यापेक्षा माझे कागद चोख आहेत.

म्हणजे एक रुपया नाही. मग एफआयआरसाठी खेटे घालण्यात अर्थ आहे का?

काळा_कोट

उलट आता जास्त अर्थ आहे. आरसीवर नाव तुमचंच आहे. त्या गाडीवरून कुणी गळ्यातली साखळी खेचली किंवा कुणाला उडवलं तर पहिला फोन आणि पहिली नोटीस तुम्हाला. "माझी गाडी अमुक तारखेला चोरीला गेली होती" हे तोंडी सांगणं वेगळं आणि एफआयआरची प्रत पुढे करणं वेगळं. आरटीओलाही प्रतीसकट पत्र देऊन पोच घ्या.

गॅरेजवाला_चिंचवड

भावाच्या गाडीचं मी सांगतो. हँडल लॉक हा सभ्य माणसासाठी असतो. एका झटक्यात तुटतो, वायरी जोडायला मिनिटही लागत नाही. जुन्या गाडीचं कुलूप झिजलं असेल तर तेवढंही करावं लागत नाही, सारख्या मापाची कुठलीही चावी थोडी हलवली की फिरते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांचं इग्निशन मालक स्वतःच नखाने फिरवून दाखवतो आणि हसतो. हसू नका, लॉकसेट बदला.

चोराला घाई असते. त्याच्या हातात दोन मिनिटं असतील तर आपण त्याची पाच मिनिटं खायची, एवढाच हिशेब. पुढे डिस्क ब्रेक असेल तर डिस्क लॉक, आणि त्याची ती लाल-पिवळी स्प्रिंगसारखी दोरी हँडलला अडकवायचीच, नाहीतर सकाळी विसरून गाडी काढाल आणि दारातच आडवे व्हाल. ड्रम ब्रेकवाल्यांनी जाड साखळी घ्यावी. ती मागच्या चाकातून आणि चेसिसमधून ओढून खिडकीच्या गजाला किंवा खांबाला बांधावी. नुसत्या चाकात घातलेली साखळी असली तर दोघं जण गाडी उचलून टेम्पोत टाकतात. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका, खाली फरशी असली की तिच्यावर ठेवून घाव घालायला सोपं जातं. ताणून, अधांतरी ठेवा. आणि भाऊ-भाऊ दोघांच्या गाड्या असतील तर एकमेकींना बांधा की!

'चोर स्विच' म्हणून एक बटण सीटखाली किंवा साइड पॅनलच्या आत लपवून बसवतात. इंजिन वळतं पण गाडी चालू होत नाही. नव्या बीएस-सिक्स गाड्यांना हे काम वायरिंग कळणाऱ्याकडूनच करून घ्या, वॉरंटीत असेल तर आधी विचारा. बटण कुठे आहे ते मित्रांना कौतुकाने दाखवू नका.

जीपीएस चांगलं, पण त्यातल्या सिमचा रिचार्ज वर्षाने संपतो आणि कुणाच्या लक्षात राहत नाही. चोरी झाल्यावर ॲप उघडलं की शेवटचं ठिकाण आठ महिन्यांपूर्वीचं.

मिरजकर

माझी गाडी गेल्यावर चार महिन्यांनी सापडली, दीडशे किलोमीटरवर, एका दूधवाल्याकडे. त्याने "फायनान्सची ओढून आणलेली आहे, कागद नंतर देतो" या बोलीवर घेतली होती. दोन्ही बाजूंना कॅन लटकवायचे हुक वेल्डिंग केलेले. इंजिन नंबर घासलेला, पण चेसिसचा शाबूत, त्यावरूनच जुळली. असल्या स्वस्त गाड्या घेणारे आहेत म्हणून हा धंदा चालतो, हे माझं मत.

सापडली म्हणजे मिळाली असं नाही. गाडी मुद्देमाल होते, कोर्टातून सुपुर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन अशा हमीवर) सोडवून घ्यावी लागते. त्यासाठी पूर्वी सीआरपीसीची (फौजदारी प्रक्रिया संहितेची) कलमं ४५१ आणि ४५७ होती, आता नागरिक सुरक्षा संहितेची ४९७ आणि ५०३. जप्त वाहनं ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नका असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलंय, त्यामुळे अर्ज केला की सहसा मिळते. खटला संपेपर्यंत विकता येत नाही. हुक मी काढले नाहीत, आता पिशव्या अडकवतो.

धायरीचा_भाडेकरू

अपडेट देतो. एफआयआर झाला, प्रत मिळाली. तिसऱ्या फेरीत झाला, पण झाला. इंजिन-चेसिस नंबर टाकलेत. समोरच्या किराणावाल्याच्या कॅमेऱ्यात ३ वाजून १० मिनिटांनी दोन पोरं गाडी चालू न करता ढकलत नेताना दिसतात, एक जण हँडल धरून, दुसरा मागच्या गाडीवरून पाय लावून. फुटेज दिलंय. चलान अजून एकही नाही.

दुसरी चावी सापडली. आईच्या शिवणाच्या डब्यात. आता तिचा उपयोग नाही, पण आईने परत त्याच डब्यात ठेवलीय.

भावाच्या गाडीचा ओन डॅमेजही संपलेला निघाला, तो काल काढला. आधी गाडीची तपासणी करून फोटो घेतले त्यांनी. साखळीही आणली, मागच्या चाकातून गेटच्या गजाला. पहिल्याच सकाळी भाऊ विसरला आणि गिअर टाकला, अख्खं गेट हललं.

गॅरेजवाले दादा, एकच विचारायचं राहिलं. गाडी उघड्यावर असते, तर पावसाळ्यात कुलूप जाम होईल ना? ग्रीस भरून ठेवू का?

गॅरेजवाला_चिंचवड

ग्रीस नको, धूळ धरून बसतं. शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब, महिन्यातून एकदा. आईच्या त्याच डब्यात असेल बघा.