"पूल तुटला, तू मेलीस": कॅरेक्टरचा जीव कुणाच्या हातात?

गवती चहा

मागच्या आठवड्यात 'जुना खेळिया' यांनी लिहिलं होतं की डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर डीएमचा, म्हणजे गोष्ट आणि जग चालवणाऱ्या डंजन मास्टरचा, शब्द शेवटचा, खेळाडूचं कॅरेक्टर, म्हणजे पात्र, कधी आणि कसं मरणार हे तोच ठरवणार, आणि ज्याला सोसवत नसेल त्याने व्हिडिओ गेम खेळावा, तिथं सेव्ह करता येतं. चार दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

माझं कॅरेक्टर एक रॉग, चोरट्या चालीची, चपळ. सातवी लेव्हल, दीड वर्ष खेळलेली. तिच्या शीटवर हिट पॉइंटच्या, म्हणजे किती जीव उरलाय त्याच्या, चौकटीत इतकं खोडलंय की कागदाला भोक पडलं, मागून चिकटपट्टी लावलीये. गेल्या पावसाळ्यात एका सेशनला आमची पार्टी, म्हणजे सगळ्या कॅरेक्टरांची टोळी, दोरांच्या पुलावरून चालली होती. माझे 45 पैकी 31 हिट पॉइंट उरलेले. डीएम म्हणाला, "पूल तुटला. तू मधोमध आहेस. खाली तीनशे फूट. तू मेलीस." माझ्या मुठीत वीस बाजूंचा फासा तसाच. विचारलं, डेक्स्टेरिटी सेव्ह, म्हणजे चपळाईवर वाचायचा फासा? म्हणाला, नाही, इथं एक मरण हवंय, कथेची गरज आहे.

आता पाचव्या आवृत्तीचा हिशेब करा. पडल्यावर दर दहा फुटांना इजेचा एक सहा बाजूंचा फासा, जास्तीत जास्त वीस. वीस फाशांची सरासरी 70. जागच्या जागी मरायला मला एकाच फटक्यात 76, म्हणजे उरलेले 31 अधिक पूर्ण 45, लागायला हवेत. ते साधारण चारात एकदा होतं. उरलेल्या तीन वेळा मी बेशुद्ध, मग डेथ सेव्ह: दर फेरीला, म्हणजे सहा सेकंदांनी, वीसचा फासा, दहाच्या खाली अपयश, तीन यशं आधी आली तर तगले, तीन अपयशं आली तर मेले. शिवाय आमच्या विझार्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, फेदर फॉल होता, पडणाऱ्याला अलगद खाली आणणारा मंत्र. माणूस पडता पडता, आपली पाळी नसतानाही, रिअ‍ॅक्शनवर टाकायचा, साठ फुटांच्या आत. पण विझार्डवाला त्या दिवशी आला नव्हता, आणि त्याचं कॅरेक्टर डीएमने "तापाने मागच्या गावात पडलंय" म्हणून आधीच बाजूला काढलं होतं.

जग डीएमचं आहे, मान्य. पूल त्याचा, दरड त्याची, विष त्याचं. त्या सगळ्या जगात माझं म्हणून एकच असतं. पूल त्याने खुशाल तोडावा. मी पडते का, पडून मरते का, हे फाशाने सांगावं. नाहीतर पहिल्याच दिवशी सगळ्यांनी बसून ठरवावं की इथं फाशाविना मरण येईल. मधेच, एकट्याने, मनातल्या मनात ठरवायचा अधिकार त्याला कुणीही दिलेला नाही.

जुना खेळिया

माझं नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. तुमचाच हिशेब पुढे नेतो. चारात तीन वेळा बेशुद्ध. त्यातून मदतीशिवाय डेथ सेव्हवर तगायची शक्यता शंभरात साठेक. जखमा बऱ्या करणारा क्लेरिक तीनशे फूट वर, त्याचा हीलिंग वर्ड मंत्र पोचतो साठ फूट. म्हणजे फासे टाकले असते तरी निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही मेलाच असतात. मग डीएमने दहा मिनिटं वाचवली तर आभाळ कोसळलं?

मी वीस वर्षं टेबल चालवतोय. शनिवारी रात्री दोन वाजेपर्यंत नकाशे मी काढतो, पुस्तकं माझ्या पैशांची, घर माझं, चहा माझ्या घरचा. खेळाडू साडेचारला येतो आणि "आपण कुठं होतो?" विचारतो. एवढं करणाऱ्याला एक मरण ठरवायचा हक्क नसेल तर कुणाला? हा खेळ ज्यांनी जन्माला घातला त्यातल्या गायगॅक्सनेच 1979 च्या डीएम गाइडमध्ये लिहून ठेवलंय की फासा डावलायचा पूर्ण अधिकार डीएमला आहे.

निळी शाई

खेळिया, तो परिच्छेद पुढेही वाचा. मी आत्ता पुस्तक काढून पाहिलं. तिथं मुद्दा असा आहे की खेळाडूने सगळं शहाणपणाने केलं आणि तरी एखाद्या वाईट फाशाने कॅरेक्टर मरायला आलं, तर डीएमने त्याला वाचवावं. बेशुद्ध करावं, हात-पाय तुटू द्यावा, डोळा जाऊ द्यावा, पण जीव ठेवावा. म्हणजे अधिकार दिलाय तो वाचवायचा. तुम्ही तो मारायच्या बाजूने वापरताय. दोन्ही एकाच मापाने कसे मोजता?

भिंतीवरचा कोळी

मला तर हे तीन-तीन डेथ सेव्हचे लाडच कळत नाहीत. 1974 ची पहिली पुस्तकं काढा. शून्य हिट पॉइंट म्हणजे मेलात, नवीन कॅरेक्टर करा, पाच मिनिटांचं काम. टूम ऑफ हॉरर्स हे छापील साहस आधी 1975 च्या ओरिजिन्स संमेलनात खेळवलं गेलं, 1978 ला छापून आलं. त्यातल्या हिरव्या राक्षसाच्या जबड्यात जो शिरला तो नाहीसा झाला. सेव्ह नाही, रोल नाही. 1977 च्या ट्रॅव्हलर या दुसऱ्या खेळात तर कॅरेक्टर बनवता बनवताच मरायचं, खेळ सुरू व्हायच्या आत. कुणी रडलं नाही. आता मेलं की क्लेरिक तीनशे मोहरांचा हिरा काढतो, मेलेल्याला उठवणारा रिव्हिव्हिफाय मंत्र टाकतो, की गडी उठून जेवायला हजर. मरणाला किंमतच उरली नाही.

गवती चहा

कोळी, जबड्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो जबडा दिसतो. आत शिरायचं की नाही हे खेळाडू ठरवतो. काठी घालून बघता येतं, दगड टाकता येतो. मला काठी घालायला कुणी विचारलं? आणि ट्रॅव्हलरमध्येही मरण फाशावरच यायचं, सैन्यात आणखी चार वर्षं काढायची की बाहेर पडायचं हे खेळाडूने ठरवल्यावर.

खेळिया, निम्मी शक्यता आणि शून्य शक्यता तुम्हाला सारखी वाटत असेल तर तुमच्या टेबलावर फासे ठेवता तरी कशाला?

उंबरठा

मूळ वाद चालू द्या, पण माझं रक्त वेगळ्याच वाक्याने तापलंय. "विझार्डवाला आला नव्हता म्हणून त्याचं कॅरेक्टर बाजूला काढलं." हे सगळीकडे चालतं आणि यावर कुणी बोलत नाही.

माझी आई आयसीयूत होती. ग्रुपवर कळवलं, दोन रविवार जमणार नाही. तिसऱ्या रविवारी गेले तर माझी क्लेरिक मेलेली. दुसऱ्या कुणीतरी माझ्या वतीने तिला पुढे घातलं होतं, कारण "क्लेरिककडे चिलखत आहे ना". मी शीट उघडली तर माझे सगळे स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, तसेच होते, एकही वापरलेला नव्हता. जिच्याकडे स्वतःला बरं करायची ताकद होती ती एकही मंत्र न म्हणता मेली. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी तिचा पुढचा प्रवास वहीत लिहीत होते, तेवढाच विरंगुळा होता. नसलेल्या माणसाचं कॅरेक्टर मारू नये, हा नियम लिहायला कुठली आवृत्ती यायला हवी?

जुना खेळिया

उंबरठा, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या डीएमने चूक केली. पण सगळ्यांची आई आयसीयूत नसते. माझ्याकडे पाच जण आहेत. दर रविवारी दुपारी तीनला ग्रुपवर मेसेज पडायला लागतात. मॅच आहे, पाहुणे आलेत, झोप लागली. झोप लागली! जे दोघं-तिघं पाऊसपाण्यातून गाडी काढून येतात त्यांनी काय करायचं? न आलेल्याचं कॅरेक्टर कायम सुरक्षित असेल तर लढाईच्या दिवशी घरी बसणारा सगळ्यात शहाणा ठरतो. आलेले मरणार, न आलेले लेव्हल घेणार. हा कुठला न्याय?

वाघूर

खेळियांना यावर शंभर टक्के पाठिंबा. आमच्याकडे सलग दोनदा न कळवता गैरहजर, तर कॅरेक्टर पार्टीच्या ताब्यात, जगलं-वाचलं त्याचं नशीब. हजेरी सुधारली.

उंबरठा

हजेरी सुधारायला कॅरेक्टर ओलीस ठेवता? माणूस येत नसेल तर त्याला फोन करा, भांडा, ग्रुपमधून काढा. मोठी माणसं आहात ना? जो राग तोंडावर बोलायची हिंमत नाही तो कागदावरच्या बाईवर काढायचा, आणि त्याला कथेची गरज म्हणायचं.

वाघूर

"हिंमत नाही" वगैरे भाषा नको. तुम्ही आमचं टेबल पाहिलेलं नाही.

उंबरठा

तुम्ही तरी माझं कुठं पाहिलंय? लगेच खेळियांना शंभर टक्के दिलेत.

निळी शाई

दोघंही जरा दमाने घ्या. आमची पद्धत सांगते. जो आला नाही तो तंबू राखतो. मरत नाही, पण त्या दिवसाचं सोनं आणि लेव्हलही मिळत नाही. खेळियांचा न्याय झाला आणि उंबरठाची क्लेरिकही वाचली असती.

मूळ मुद्द्याला अजून एक. मरण कुणाच्या हातात हा प्रश्न इतर खेळांनी केव्हाच सोडवलाय. डंजन वर्ल्डमध्ये शेवटच्या श्वासाला दोन फासे टाकता, सात ते नऊ आलं की साक्षात मृत्यू तुमच्याशी सौदा करतो. 2025 च्या डॅगरहार्टमध्ये तर खेळाडूच निवडतो की शेवटचा जबरदस्त वार करून जायचं, जगायचं पण व्रण पडायचा धोका घेऊन, की सगळं फाशावर लावायचं. तिथं मरण डीएम ठरवत नाही.

भिंतीवरचा कोळी

खेळाडूने स्वतःचं मरण स्वतः निवडायचं, मग भीती कसली? मला नाही पटत. सौद्याची कल्पना मात्र बरी आहे.

ओली काडेपेटी

तो विझार्डवाला मी. इथं लिहू की नको करत दोन दिवस घालवले.

चहा, तुला एक गोष्ट माहीत नाही. त्या दिवशी मी लागोपाठ तिसऱ्यांदा टांग मारली होती. रात्रपाळी खरी होती, पण कळवलं दुपारी अडीचला. डीएमचा फोन आला. तो म्हणाला, तुझ्या विझार्डभोवती दोन महिने गोष्ट बांधली होती, आज त्या पुलावर तू असायला हवा होतास, आता या सेशनचं मी काय करू? मी झोपेत होतो, "बघ रे तूच" म्हणून फोन ठेवला. माझ्यावरचा राग तुझ्या रॉगवर निघाला असं मला तेव्हापासून वाटतंय. त्याने केलं ते चूकच. पण तो दुष्ट नाहीये, थकला होता. आणि फेदर फॉल माझ्या शीटवर होता हे मला तेव्हाही आठवलं होतं, तुला सांगायचं धाडस झालं नाही.

गवती चहा

हे मला आठ महिन्यांनी इथं कळतंय?

ओली काडेपेटी

हो. चुकलं माझं.

आणखी एक. काल रात्री घरातल्या सगळ्या लुडोच्या डब्यांतून फासे काढले, सहाच निघाले. तेच परत परत टाकून वीस मोजले. 71 झाले. म्हणजे जागच्या जागी मेली नसतीस. पुढचे डेथ सेव्ह तुझे आहेत, त्यांना मी हात लावलेला नाही.

जुना खेळिया

पुलाच्या वेळी एक सेव्ह द्यायला हवा होता, एवढं मान्य करतो. वाचवायचा अधिकार आणि मारायचा अधिकार वेगळा, हे निळी शाईंचं म्हणणंही तूर्त खोडता येत नाहीये. डीएमचा शब्द शेवटचा यावरून मात्र मी हललेलो नाही. आणि काडेपेटी, अडीचला कळवणं याला कळवणं म्हणत नाहीत.

गवती चहा

टाकले. तोच फासा, जो त्या दिवशी मुठीत राहिला होता.

8. मग 12. मग 4. मग 9.

मेली.

जुना खेळिया

शेवटी मेलीच ना.

गवती चहा

हो, मेली. चौथ्या फाशाला, खाली दगडावर, चोवीस सेकंद झुंजून. आज रात्री शीट फाइलला लावते. काडेपेटी, रविवारी येणार असशील तर शनिवारी सकाळीच कळव, आणि आपल्या डीएमलाही सांग मी येतेय.