आय-१४० मंजूर झालं म्हणून नोकरी बदलायला मोकळे?

पाऊलवाट
अमेरिकेत एच-१बीवर (कामाचा तात्पुरता व्हिसा) असलेल्या, ग्रीन कार्डच्या रांगेतल्यांसाठी कालपासून एक सल्ला फिरतोय: "आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर होऊन १८० दिवस झाले की कंपनी तुमचं काही वाकडं करू शकत नाही. प्रायॉरिटी डेट (रांगेतल्या जागेची तारीख) खिशात, व्हिसा तीन-तीन वर्षं वाढत राहणार. पगार जास्त मिळेल तिथे खुशाल जा." खाली 'धन्यवाद, मनावरचं ओझं उतरलं' म्हणणाऱ्यांची रांग. म्हणून सविस्तर लिहितोय.

खिशात राहते ती फक्त तारीख. कंपनी सोडली की अर्ज राहत नाही. ४८५ (पाळी आल्यावर स्वतः भरायचा ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) भरायला नुसती तारीख पुरत नाही, कायमची नोकरी देऊ करणारा मालक आणि त्याचं आय-१४० लागतं. नव्या कंपनीत पर्म (स्थानिक माणूस मिळत नाही असा श्रम खात्याचा दाखला) पहिल्यापासून: प्रिव्हेलिंग वेज (त्या कामाचा सरकारने ठरवलेला पगार), दोन रविवारच्या जाहिराती, राज्याच्या रोजगार खात्याकडे ३० दिवसांची नोंद, ऑफिसात सलग १० कामाच्या दिवसांची नोटीस, आणखी तीन प्रकारची भरती. मग ९०८९, म्हणजे पर्मचा अर्ज. अलीकडे नुसत्या पर्मलाच वर्षाहून जास्त लागतंय. त्याच पदावरच्या लोकांना त्याच भागात सहा महिन्यांत कंपनीने काढलं असेल, तर त्यांना कळवून आधी त्यांचा विचार करावा लागतो. बऱ्याच कंपन्या त्या भानगडीत न पडता पर्मच थांबवतात.

या काळात तारीख करंट झाली, म्हणजे पाळी आली, तर? सप्टेंबर २०२२ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (पाळीच्या तारखांचं दरमहाचं सरकारी पत्रक) भारताची ईबी-२ (उच्च पदवीवाल्यांची रांग) १ डिसेंबर २०१४ वर होती. ऑक्टोबरमध्ये ती १ एप्रिल २०१२ वर आली. ज्यांची तारीख २०१३ ची आणि नव्या कंपनीचं पर्म अजून अडकलेलं, त्यांच्या डोळ्यांसमोर दार उघडलं आणि बंद झालं. ४८५ गेलं असतं तर हातात ईएडी (कामाची परवानगी) आणि अ‍ॅडव्हान्स पॅरोल (परदेशी जाऊन परतण्याची परवानगी) आले असते, आणि १८० दिवसांनी त्याच किंवा तत्सम कामावर दुसऱ्या कंपनीत पोर्ट होता आलं असतं. हे त्या सल्ल्यात कुठे आहे?

धूमकेतू
लोकांना घाबरवू नका. २०१३ च्या तारखेवाल्याचं गणित २०१९ च्या तारखेवाल्याला का लावताय? रोजगाराची ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० च्या आसपास, कुटुंबीय त्यातच मोजलेले, आणि देशागणिक ७ टक्क्यांची मर्यादा. ज्याची पाळी पुढच्या दहा वर्षांत दिसत नाही त्याने त्याच खुर्चीत, त्याच पगारावर बसून राहायचं? वकिलाचा आणि पर्मचा खर्च कायद्याने मालकाच्याच माथी असतो. नव्या मालकाला पुन्हा करू दे की! ऑफर लेटर घेतानाच 'रुजू झाल्यापासून अमुक महिन्यांत पर्म सुरू करू' हे लेखी घ्या, संपला विषय.

पाऊलवाट
लेखी घेतलेलं लेऑफच्या दिवशी कामाला येतं का? आय-१४० मंजूर असो वा नसो, नोकरी गेली की राहायला ६० दिवस, आणि आय-९४ (अमेरिकेत राहण्याची मुदत) त्याआधी संपत असेल तर तेवढेच. त्यात दुसऱ्या मालकाचा अर्ज दाखल व्हायला हवा. सेव्हरन्सचे (नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या भरपाईचे) महिने त्यात धरू नका.

धूमकेतू
लेऑफ जुन्या कंपनीत होत नाही का? तुमचा हा मुद्दा दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे.

कृष्णाकाठ
तुम्ही दोघेही १८० दिवसांचा नियम ढोबळ सांगताय. जानेवारी २०१७ च्या नियमानुसार तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, १८० दिवसांआधी कंपनीने आय-१४० मागे घेतलं तरी प्रायॉरिटी डेट जात नाही. ती जाते फसवणूक, पर्म रद्द होणं किंवा मंजुरीतच मोठी चूक निघणं अशा कारणांनी. दोन, मात्र १८० दिवसांआधी मागे घेतलं तर मंजुरी रद्द होते, आणि एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपुढची वाढ त्या आय-१४० वर मिळत नाही. तीन, १८० दिवसांनंतर मागे घेतलं तर वाढही मिळते, नव्या मालकालाही. म्हणजे तो आकडा तारखेसाठी नाही, सातव्या वर्षासाठी आहे. पाचव्या-सहाव्या वर्षात नोकरी बदलणाऱ्याला हा फरक माहीत नसेल तर तो चुकीच्या आठवड्यात राजीनामा देईल.

आडवाट
नव्या कंपनीत पर्म 'पुन्हा करू दे' म्हणणं सोपं आहे. तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. असलेल्यांचं काय? ती एकटी पदवी चार वर्षांच्या अमेरिकी पदवीच्या बरोबरीची धरत नाहीत. ईबी-२ ला पदवी आणि अनुभव मिळून केलेली बरोबरी चालत नाही. ईबी-३ मध्ये (ईबी-२ च्या खालची रांग) स्किल्ड वर्कर म्हणून जमतं, पण ९०८९ मध्ये तसा पर्याय आधीच लिहिलेला हवा. वकील जुना साचा उचलून नुसतं 'बॅचलर्स' लिहितो आणि दोन वर्षांनी आय-१४० ला आरएफई (जादा पुराव्याची मागणी) येतो. तेव्हा पर्म बदलता येत नाही. शिवाय आधीच्या कंपन्यांची अनुभवपत्रं: लेटरहेड, तारखा, कामाचं वर्णन. सध्याच्या मालकाकडे मिळवलेला अनुभव, काम निम्म्याहून वेगळं असल्याशिवाय, सहसा धरतच नाहीत. सगळे बुलेटिनवर भांडतात, ९०८९ चा मसुदा सही करण्याआधी कोणी वाचत नाही!

धूमकेतू
रास्त आहे, पण धाग्याचा विषय तो नाही.

सावली
विषय खरं तर मुलांचा आहे आणि कोणी काढला नाही.

सीएसपीएमध्ये (रांगेत असताना २१ ओलांडणाऱ्या मुलांना वाचवणारा कायदा) मुलाचं वय मोजताना आय-१४० दाखल झाल्यापासून मंजूर होईपर्यंतचे दिवस वजा होतात. पर्मचे नाहीत. समजा तारीख करंट होते त्या दिवशी मुलगी २१ वर्षं ५ महिन्यांची आहे. आय-१४० रेग्युलरमध्ये ८ महिने पडून होतं, तर तिचं वय २० वर्षं ९ महिने, ती वाचली. तेच प्रीमियममध्ये (जादा फी भरून लवकर निकाल) १२ दिवसांत झालं असेल तर ती गेली. आणि ज्या आय-१४० वर ४८५ भरायचं त्याचेच दिवस धरतात. नोकरी बदलली, नवं आय-१४० प्रीमियमने आणलं, की जुन्याचे ८ महिने गेले.

धूमकेतू
म्हणजे प्रीमियम करूच नये? हा सल्ला धोक्याचा आहे. आय-१४० पडून असताना नोकरी गेली आणि कंपनीने ते मागे घेतलं, तर मंजुरी नाही, तारीखही नाही. पुन्हा शून्यापासून. मूल तीन वर्षांचं असलेल्याने हे ऐकून रेग्युलर केलं तर जबाबदार कोण?

सावली
'करूच नये' असं मी कुठे म्हटलं? जे लिहिलं नाही ते माझ्या तोंडी घालू नका. मूल बारा-तेरा वर्षांचं असेल तर आधी कागदावर मांडा, एवढंच. सहावं वर्ष संपत आलं असेल किंवा कंपनी डळमळीत असेल तर प्रीमियमच करावं लागेल, हे मान्य.

कृष्णाकाठ
आणखी एक. 'डेट्स फॉर फायलिंग'वर (बुलेटिनमधली अर्ज भरण्याची तारीख) ४८५ भरलं म्हणजे मुलाचं वय गोठलं, असं अजूनही लोक धरून चालतात. फेब्रुवारी २०२३ ते ऑगस्ट २०२५ ते खरं होतं. १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना पुन्हा फायनल अ‍ॅक्शनची (कार्ड मिळू शकण्याची) तारीख लागू आहे. म्हणजे ४८५ आत आहे, मुलाचं ईएडीही आलंय, आणि फायनल अ‍ॅक्शन येण्याआधी त्याचं सीएसपीए वय २१ होतं, असं घडू शकतं. म्हणून ४८५ भरलं तरी मुलाचा एच-४ (कुटुंबीयांचा व्हिसा) सोडू नका, आणि २१ च्या आधी एफ-१ चा (विद्यार्थी व्हिसाचा) विचार करा. फायनल अ‍ॅक्शन करंट झाल्यापासून एका वर्षात मुलाचा अर्ज जायला हवा, हेही त्यातच.

आडवाट
मग डाउनग्रेड, म्हणजे ईबी-२ ऐवजी ईबी-३ मध्ये अर्ज, करावं का? ऑक्टोबर २०२० मध्ये फायलिंगला ईबी-३ १ जानेवारी २०१५ वर आणि ईबी-२ १५ मे २०११ वर होती. सगळे ईबी-३ कडे धावले.

सावली
आणि पुढच्या दोन वर्षांत ईबी-२ पुढे गेल्यावर तेच लोक इंटरफाइलची (४८५ पुन्हा ईबी-२ ला जोडण्याची) पत्रं लिहीत बसले. डाउनग्रेडला त्याच कंपनीचं तेच पर्म चालतं, पण आय-१४० नवं. त्याचे दिवस वेगळे मोजा. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म भारताबाहेरचा असेल तर आधी क्रॉस-चार्जेबिलिटी (जोडीदाराच्या जन्मदेशाची रांग धरणं) पाहा. ही सगळी कसरत टळते.

धूमकेतू
पाऊलवाट, एक मुद्दा तुम्हीही सोडलात. ग्रीन कार्ड पुढच्या नोकरीसाठी असतं. जुनी कंपनी ऑफर कायम ठेवायला तयार असेल तर तिथून बाहेर पडल्यावरही, तारीख आली की तिच्याच आय-१४० वर ४८५ भरता येतं. 'अर्ज राहत नाही' हे सरसकट विधान चूक आहे.

पाऊलवाट
कायद्याने बरोबर. सोडून गेलेल्या माणसासाठी सप्लिमेंट जे वर (नोकरीची ऑफर कायम असल्याचा फॉर्म) सही करणाऱ्या आणि पगार देण्याची ऐपत प्रायॉरिटी डेटपासून दाखवणाऱ्या कंपन्या किती निघतील? तरी वाक्य दुरुस्त करतो: 'कंपनीने ऑफर कायम ठेवली नाही तर अर्ज राहत नाही.' कृष्णाकाठांचे तीन मुद्देही वर जोडतो. धाग्याचं शीर्षक बदलणार नाही.

सावली
जोडताना हेही लिहा की आय-१४० च्या मंजुरीच्या नोटिशीवर दाखल झाल्याची आणि मंजुरीची अशा दोन्ही तारखा असतात. बऱ्याच कंपन्या ती नोटीस कर्मचाऱ्याला देत नाहीत. राजीनाम्याआधी तिची प्रत मागून घ्या, नंतर मिळवणं अवघड.