संगणकाची कार्यप्रणाली बदलताना आलेले अनुभव

विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधारकाळ, म्हणजे निर्मात्याकडून नियमित दुरुस्त्या मिळण्याचा काळ, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सुरू होताना केवळ प्रमाणित प्रणालीच चालू देणारी सिक्युअर बूटची सोय आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर असावा लागतो, त्यामुळे उत्तम चालणारे कितीतरी संगणक अधिकृतपणे पुढच्या आवृत्तीवर जाऊ शकत नाहीत. अशा संगणकाच्या मालकाने नवे यंत्र घ्यावे, मुदतवाढीच्या सुरक्षा-दुरुस्त्यांवर काही काळ काढावा, की दुसरी प्रणालीच स्वीकारावी, हा प्रश्न सध्या अनेकांपुढे आहे. म्हणून हा धागा. विंडोजवरून लिनक्स या मुक्त प्रणालीकडे, मॅककडे किंवा उलट दिशेने गेलेल्या, तसेच जाऊन परत आलेल्या सर्वांनी आपले अनुभव लिहावेत. कोणती प्रणाली श्रेष्ठ हा वाद येथे नको. आपले काम कोणते, तयारी काय केली, अडले कुठे आणि कशावाचून अजूनही अडते, एवढे सविस्तर आले तर नंतर येणाऱ्याला त्याचा खरा उपयोग होईल.

सुरुवात माझ्यापासून करते. मी ग्रंथसंपादनाचे काम करते आणि विंडोजवरून मिंट या लिनक्सच्या आवृत्तीवर आले. प्रणाली बसवणे हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग ठरला. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, हार्डडिस्कला हात न लावता, वाय-फाय, आवाज, छपाई आणि पडद्याची चमक हे सगळे चालते की नाही ते आधी पाहता येते. ते चालल्यावर पुढचे काम पडद्यावर येणाऱ्या सूचना वाचत पुरे होते. खरे काम त्याच्या कितीतरी आधी, जुन्या प्रणालीवर बसूनच करावे लागते आणि मराठी मजकूर हाताळणाऱ्यांच्या बाबतीत ते विशेष मोठे असते.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी प्रमाणित पद्धत. त्यापूर्वीच्या काळातील फाँटांमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. तो फाँट नसलेल्या यंत्रावर अशी फाइल उघडली की पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. माझ्याकडील जुनी हस्तलिखिते याच स्वरूपात होती. ती सर्व मी विंडोजवर असतानाच, मूळ फाँट आणि रूपांतर करणारे साधन दोन्ही हाताशी असताना, युनिकोडमध्ये आणली आणि नंतरच प्रणाली बदलली. रूपांतरानंतर प्रत्येक फाइल डोळ्यांखालून घालणे अटळ आहे. ‘दऱ्या’मधला अर्धा र आणि ‘दर्या’मधला रफार यांची अदलाबदल होते, ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर मागेपुढे सरकते आणि ‘ॲ’ हे अक्षर तर तीन प्रकारे लिहिलेले सापडते. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या मजकुरात कुठे हिंदीतील ‘ऍ’ असतो, तर कुठे ‘अ’ आणि चंद्र वेगवेगळे टंकलेले असतात. डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाही, पण शोध घेताना ‘ॲ’ टंकले की ‘ऍ’ असलेले शब्द सापडत नाहीत आणि सूची अपुरी राहते.

फाँट बदलल्यामुळे पानांची मांडणीही हलते. मंगल या विंडोजमधील फाँटात रचलेली फाइल लिनक्सवर उघडली की त्याच्या जागी नोटो किंवा लोहित येतो, ओळींची उंची बदलते आणि तक्ते पुढच्या पानावर जातात. प्रकाशकाकडे जाणारी प्रत मी आता नेहमी पीडीएफ स्वरूपातच देते. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळपाटाची सवय असणाऱ्यांना मात्र काहीच शिकावे लागत नाही, कारण हा प्रमाणित आराखडा सर्व प्रणालींवर जवळजवळ तसाच मिळतो. उच्चारानुसार टंकणाऱ्यांनी आयबस आणि एम१७एन हे लिनक्सवरील टंकलेखनाचे संच तपासून पाहावेत. रोमन कळांची जुळणी थोडी वेगळी असते आणि बोटांना ती बसायला वेळ लागतो.

* * *

हिशेबनीस

मी लिनक्स वापरून पाहिले आणि कामाच्या यंत्रावर विंडोजच ठेवले. माझ्या एक्सेल फाइलींमध्ये व्हीबीए भाषेतील मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली, आहेत. लिब्रेऑफिस हा मुक्त कार्यालयीन संच त्या फाइली उघडतो, सूत्रेही बहुतांशी बरोबर चालतात, परंतु मॅक्रो निम्मेच चालतात, आणि निम्मे चाललेले मॅक्रो मुळीच न चाललेल्यापेक्षा अधिक धोक्याचे असतात, कारण आकडे भरलेले दिसतात आणि ते पूर्ण आहेत की नाहीत हे पडद्यावरून कळत नाही. घरच्या यंत्रावर लिनक्स आहे व त्यात आभासी यंत्रावर, म्हणजे एका प्रणालीच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या संगणकासारख्या प्रोग्रॅममध्ये, विंडोज बसवलेले आहे. मॅक्रोची फाइल आली की ती तेथे उघडतो. ज्यांचा चरितार्थ एखाद्याच सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, त्यांनी पर्यायी सॉफ्टवेअर आधी विंडोजवरच महिनाभर वापरावे असे मी आग्रहाने सांगेन. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, गिंप, इंकस्केप ही सर्व विंडोजवरही चालतात, त्यामुळे निर्णय घेण्यासाठी प्रणाली बदलण्याची गरजच नाही.

* * *

भौतिकशास्त्राचे शिक्षक

एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांसाठी लिहितो, कारण या मार्गावरच्या अडचणी ठरलेल्या आहेत आणि आधी माहीत असतील तर त्रास होत नाही.

विंडोजमधील फास्ट स्टार्टअप ही सोय प्रथम बंद करावी. ती चालू असताना संगणक बंद केला तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. तिचा काही भाग गोठवलेल्या अवस्थेत डिस्कवर राहतो आणि मग लिनक्समधून विंडोजचे ते पार्टिशन (डिस्कचा तो विभाग) केवळ वाचता येते, त्यावर लिहिता येत नाही. हार्डडिस्क बिघडली असा अनेकांचा समज येथेच होतो. दुसरी बाब बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरील मजकूर कूटबद्ध करून कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजमधील सोयीची. डिस्क कूटबद्ध असेल आणि बूटच्या, म्हणजे संगणक सुरू होण्याच्या, मांडणीत बदल झाला, तर विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय पुढे एकही पाऊल टाकू नये. कित्येक लॅपटॉपांवर हे कूटीकरण मालकाने न सांगताही चालू झालेले असते, म्हणून तपासणे आवश्यक.

तिसरी बाब घड्याळाची. विंडोज यंत्रातील घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, तर लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ आहे असे धरते. परिणामी एका प्रणालीतून दुसरीत गेले की वेळ काही तासांनी पुढेमागे दिसते. लिनक्सला ‘घड्याळात स्थानिक वेळ आहे’ असे एका आज्ञेने सांगता येते. हा दोष किरकोळ वाटतो, पण चुकीच्या वेळेमुळे ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळे उघडायला नकार देऊ शकतो आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते.

माझे प्रयोगांचे आलेख व गणिते पायथनमध्ये असल्यामुळे ती जशीच्या तशी चालली. फक्त एके ठिकाणी अडले. विंडोजवर फाइलच्या नावातील लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक केला जात नाही, लिनक्सवर केला जातो. प्रोग्रॅममध्ये नाव लहान अक्षरांत आणि डिस्कवर मोठ्या अक्षरांत असेल, तर फाइल सापडत नाही. सर्व नावे लहान अक्षरांत करून घेतल्यावर हा प्रश्न उरला नाही.

* * *

आईच्या संगणकाची देखभाल करणारी मुलगी

आईला ब्राउझर, छायाचित्रे आणि छपाई एवढेच लागते. फायरफॉक्सचे बुकमार्क आणि पासवर्ड सिंक करून घेतले, पडद्यावरील अक्षरे मोठी केली, प्रिंटर मिंटने आपणहून ओळखला. आईने विचारलेला एकमेव प्रश्न ‘बंद करायचे बटण कुठे गेले?’ हा होता.

* * *

ध्वनिसंकलक

मी विंडोजवरून मॅकवर आलो. हाताच्या सवयी बदलणे हे येथे मुख्य काम होते. कंट्रोलऐवजी कमांड ही कळ आली, आणि ती अंगठ्याखाली असल्यामुळे करंगळीवर बसलेली अनेक वर्षांची सवय मोडावी लागली. फाइल निवडून एंटर दाबले की ती उघडत नाही, तिचे नाव बदलण्याची चौकट येते. उघडण्यासाठी कमांड आणि ओ. फाइल हलवायची तर ‘कट’ नाही. आधी कॉपी करायची आणि नंतर ऑप्शन, कमांड व व्ही एकत्र दाबायच्या. मला ही पद्धत आता अधिक सुरक्षित वाटते, कारण फाइल कुठे ठेवायची हे ठरेपर्यंत मूळ जागची फाइल जागीच असते. लाल बटणाने खिडकी बंद होते, पण बरेचसे प्रोग्रॅम चालूच राहतात. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मेमरी मोकळी हवी असते, म्हणून कमांड आणि क्यूची सवय जाणीवपूर्वक लावून घेतली.

साठवणुकीचा प्रश्न याहून गंभीर आहे. माझ्या बाहेरच्या सर्व हार्डडिस्क एनटीएफएस या, विंडोजच्या साठवण-पद्धतीच्या होत्या. मॅक त्या वाचतो, परंतु स्वतःहून त्यांवर लिहीत नाही. फॅट३२ ही जुनी साठवण-पद्धत हा उपाय नव्हे, कारण त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही आणि दीर्घ मुद्रण ही मर्यादा सहज ओलांडते. एक्सफॅट तिन्ही प्रणालींवर वाचता-लिहिता येते, म्हणून सगळा साठा दुसरीकडे उतरवून, डिस्क एक्सफॅटमध्ये नव्याने तयार करून तो परत भरला. एक्सफॅटमध्ये जर्नलिंग, म्हणजे होणाऱ्या बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय, नसते. लिहिणे चालू असताना वायर निघाली तर साठा बिघडण्याची शक्यता जास्त, म्हणून डिस्क ‘इजेक्ट’ केल्याशिवाय काढायची नाही हा नियम येथे काटेकोरपणे पाळावा लागतो. नवे मॅक घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ या ॲपलच्या चिपपासूनच्या यंत्रांवर बूट कॅम्प ही मॅकवर विंडोज बसवण्याची सोय नाही, त्यामुळे विंडोज शेजारी बसवून गरजेपुरते वापरण्याचा जुना मार्ग आता आभासी यंत्रापुरताच उरला आहे. माझे काही जुने प्लगइन (ध्वनिसंकलनाचे पूरक प्रोग्रॅम) रोझेटा २ च्या, म्हणजे जुन्या मॅकसाठीचे प्रोग्रॅम नव्या चिपवर चालवणाऱ्या साधनाच्या, साहाय्याने चालतात, काही चालत नाहीत. ते मी नव्या कामांतून वगळले आहेत.

* * *

दृष्टिहीन वापरकर्ता

मी पडदा पाहत नाही, ऐकतो. त्यामुळे प्रणाली बदलणे म्हणजे माझ्यासाठी पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, बदलणे आणि त्याच्याबरोबर संगणकाचा नकाशाच बदलणे असते. विंडोजवर मी एनव्हीडीए हा पडदावाचक वापरत होतो. वेबपानावर एच दाबले की पुढचे शीर्षक, के दाबले की पुढचा दुवा, टी दाबले की पुढचा तक्ता. लिनक्सवरील ऑर्का या पडदावाचकातही एच तसाच चालतो, त्यामुळे वाचनाला पहिल्या दिवसापासून वेग होता. मध्यंतरी कामाच्या ठिकाणी मॅकवर व्हॉइसओव्हर हे तेथील पडदावाचक वापरावे लागले, तेथे मात्र रचना वेगळी आहे. कंट्रोल आणि ऑप्शन धरून बाणांनी फिरायचे, एखाद्या गटात शिरायचे तर त्यात शिफ्ट आणि खालचा बाण, बाहेर यायचे तर शिफ्ट आणि वरचा बाण. खोल्यांत शिरत आणि बाहेर पडत घर फिरावे तसे ते आहे. सवय झाली की गुंतागुंतीच्या खिडकीतही आपण कुठे आहोत ते पक्के कळते, परंतु सवय होईपर्यंत साधे काम लांबते.

डोळस व्यक्तीच्या मदतीवाचून लिनक्स बसवता येते का, असे मला अनेकजण विचारतात. डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीच्या स्थापनेत सुरुवातीचा मेनू आला की ‘एस’ दाबून एंटर करायचे, म्हणजे पुढची सगळी स्थापना बोलून होते. उबुंटू या दुसऱ्या आवृत्तीत लाइव्ह सत्र (पेनड्राइव्हवरूनच चालणारी प्रणाली) सुरू झाल्यावर सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली कळ), ऑल्ट आणि एस दाबले की ऑर्का बोलू लागतो. अडते ते त्याच्याही आधी. पेनड्राइव्हवरून सुरू व्हावे म्हणून यूईएफआयच्या, म्हणजे प्रणालीच्याही आधी चालणाऱ्या यंत्रातील मूळ प्रोग्रॅमच्या, पडद्यावर क्रम बदलावा लागतो, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही यंत्रावर तो पडदा बोलत नव्हता. तेवढ्यासाठी मी शेजारी कोणाला तरी बसवतो आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घेतो.

मराठी वाचण्यासाठी ईस्पीक एनजी ही मजकुराचा आवाज तयार करणारी प्रणाली आहे. तिचा आवाज यांत्रिक आहे, पण खूप वेगाने ऐकला तरी शब्द फुटत नाहीत, आणि दिवसभर वाचन करणाऱ्याला गोडव्यापेक्षा हा गुण महत्त्वाचा वाटतो. अडचण राहते ती नव्या प्रोग्रॅमांची. दिसायला सुंदर असलेल्या अनेक प्रोग्रॅमांत बटणांना नावेच दिलेली नसतात आणि ऑर्का केवळ ‘बटण, बटण’ असे म्हणत राहतो. हे लिहिणाऱ्या विकासकांना मी नियमित कळवतो. मुक्त स्रोताच्या प्रकल्पांत त्यांपैकी काहींनी पुढच्याच आवृत्तीत नावे घातली, आणि याच कारणाने मी लिनक्सवर राहिलो आहे.

* * *

एका संस्थेचा संगणक-व्यवस्थापक

एकट्याने प्रणाली बदलणे आणि संपूर्ण कार्यालयाने बदलणे यांत मोठे अंतर आहे. म्युनिक शहराने लिमक्स प्रकल्पाद्वारे सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेण्याचे काम २०१३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर केले आणि २०१७ मध्ये तेथील नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने क्रम वेगळा ठेवला. २००५ मध्ये ओपनऑफिस, त्यानंतर फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ई-मेलचा प्रोग्रॅम, आणि कर्मचारी या साधनांना सरावल्यावर २००८ पासून उबुंटू. आमच्या संस्थेत मी हाच क्रम धरला. लोकांचा विरोध प्रणालीला क्वचितच असतो. रोजची फाइल रोजच्या जागी सापडली नाही, की त्यांचा विश्वास उडतो. म्हणून कार्यालयीन साधने विंडोजवरच बदलली, सामायिक फोल्डरांची नावे व जागा तशाच ठेवल्या, साच्यांच्या फाइली ओडीएफ या खुल्या दस्तऐवज-स्वरूपात नव्याने केल्या आणि शेवटी प्रणाली बदलली.

बदल पुढे नेण्याआधी प्रत्येक विभागात एक यादी करवून घेतली. वर्षातून एकदाच लागणारे कोणते काम या संगणकावर होते, हा तिचा एकच प्रश्न होता. रोजची कामे सर्वांना आठवतात. वार्षिक विवरणपत्रासाठी लागणारी डिजिटल स्वाक्षरीची टोकन, जुना स्कॅनर, लेबले छापणारा प्रिंटर या गोष्टी बदलानंतर काही महिन्यांनी, आणि तेही मुदतीच्या दिवशी, आठवतात. त्या यादीमुळे प्रयोगशाळेतील दोन संगणक आम्ही विंडोजवरच ठेवले. मोजमापाच्या उपकरणाचे सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही आणि उपकरण अजून कित्येक वर्षे चालणार आहे. ते दोन्ही संगणक जाळ्यापासून तोडलेले असून त्यांतील नोंदी दर शुक्रवारी पेनड्राइव्हने उतरवल्या जातात.