आज्जांच्या भावाची उड्डाणवही: ताकोराडी ते कैरो

निपाणीच्या जुन्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत आज्जांच्या धाकट्या भावाची उड्डाणवही मिळाली. ते युद्धात वैमानिक होते, एवढंच घरी सांगायचे. डिसेंबर १९४१ च्या पानावर ‘हरिकेन’ हे लढाऊ विमानाचं नाव आणि पुढं ओळीनं लागोस, कानो, मैदुगुरी, फोर्ट लामी, खार्तूम, कैरो. कानोला बरेच दिवस मुक्काम दिसतोय. पायलट आफ्रिकेच्या मधोमध कशाला गेले असतील? कुणी सांगेल का? आईला फार उत्सुकता लागून राहिलीय.

– ताई, इटली जून १९४० मध्ये युद्धात उतरला आणि भूमध्य समुद्रातून विमानं पाठवणं धोक्याचं झालं. मग खोक्यांत भरलेली विमानं जहाजानं ताकोराडीला, म्हणजे आजच्या घानात उतरवायची, तिथं जोडायची आणि उडवत कैरोला न्यायची. अंतर सुमारे ५,९०० किलोमीटर! पहिली तुकडी सप्टेंबर १९४० मध्ये निघाली: वाट दाखवायला एक ब्लेनहाइम बॉम्बफेकी विमान, मागं सहा हरिकेन. हरिकेनमध्ये माणूस एकटाच. नकाशा बघायचा त्यानंच, विमान सांभाळायचं त्यानंच. मोठं धाडस आहे हे.

– डिसेंबरात तिकडं सहारातून हरमॅटन वारा सुटतो, धुळीनं समोरचं दिसत नाही. कानोचा मुक्काम त्यामुळंही असेल. महिनाअखेरीच्या बेरजेखाली वरिष्ठाची सही आणि युनिट बघा. युनिट कळलं की लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्याची दैनंदिनी शोधता येते.

– आणि वही लॅमिनेट करू नका हं. आपल्याकडचा पाऊस सुरू व्हायच्या आत पानन् पान फोटो काढून ठेवा.