टोकियोत शिंजुकूची संध्याकाळची वॉकिंग टूर : गाइड घ्यावा का?

टिळकवाडीकर
नोव्हेंबरात आम्ही चौघं टोकियोला जायलोय. मी, मिसेस आणि आई-बाबा. एक संध्याकाळ शिंजुकूसाठी ठेवलीय. तीन तासांच्या टूर माणशी बारा ते पंधरा हजार येनला दिसायल्यात. आई शुद्ध शाकाहारी, बाबांचे गुडघे दुखतात. एवढे पैसे घालून गाइड घ्यावा, की आपलं आपण फिरावं? आणि रात्री परत यायचं कसं?

खानापूर रोड
नुसतं काबुकिचो (शिंजुकूतला रात्रीच्या करमणुकीचा भाग) बघायला गाइड लागत नाही. शिंजुकू स्टेशनातून पूर्वेच्या बाजूनं बाहेर पडलं की लाल कमान, तोहो इमारतीवरचं गॉडझिलाचं डोकं, 2023 मध्ये उघडलेला काबुकिचो टॉवर, सगळं पंधरा मिनिटांच्या चालीत आहे. (दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं काबुकीचं, म्हणजे जपानी पारंपरिक नाटकाचं, नाट्यगृह बांधायचं ठरलेलं. ते झालंच नाही, नाव तेवढं राहिलं.)

गाइडचा खरा उपयोग गोल्डन गाईत. सहा अरुंद बोळ आणि त्यांत दोनशेवर बार, एकेकात पाच ते दहा माणसांची जागा. काही ठिकाणी ओळखीच्याच गिऱ्हाइकांना घेतात, काही ठिकाणी परदेशी लोकांना आनंदानं बसवतात, दारावरून ते नेहमी कळत नाही. बसायचेच माणशी पाचशे ते हजार-दीड हजार येन पडतात, पिण्याचे वेगळे. चौघं एकदम शिरलात तर निम्मा बार भरतो, म्हणून बरेच मालक नको म्हणतात. गाइडनं आधी सांगून ठेवलेलं असलं की हा प्रश्न मिटतो.

बुक करताना तीन गोष्टी लेखी विचारा: बारमध्ये बसायचे पैसे रकमेत धरलेत का, किती पदार्थ आणि किती ड्रिंक्स मिळणार, आणि ग्रुप किती जणांचा. दहाच्या वर असेल तर घेऊ नका, त्या बोळांत मागच्याला काही ऐकूच येत नाही. 2018 पासून जपानमध्ये लायसन्स नसलेल्यालाही पैसे घेऊन गाइडचं काम करता येतं. त्यामुळं लायसन्स आहे का तेही विचारलेलं बरं.

निपाणीकर
वरच्यांशी सहमत, पण काबुकिचो एकट्यानं फिरायचं तर एक नियम पाळा. रस्त्यात जो स्वतःहून बोलावतो त्याच्यामागं जायचं नाही, तो कितीही चांगलं इंग्रजी बोलू दे. गिऱ्हाईक ओढणं तिथं बेकायदेशीर आहे, लाउडस्पीकरवरून सारखी सूचना चालू असते, तरी लोक उभेच. आत गेल्यावर बिलात भलभलते आकार चढवतात. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे 'मुर्यो आन्नाइजो' असे चकचकीत फलक. अर्थ 'मोफत माहिती केंद्र'. पण ती पर्यटकांसाठी नाहीत, प्रौढांच्या क्लबांचं गिऱ्हाईक जमवायची दुकानं आहेत. आई-बाबांना घेऊन रस्ता विचारायला आत जाऊ नका!

भेटायची जागा नीट ठरवा. शिंजुकू स्टेशनाला दोनशेच्या आसपास दारं आहेत, बेळगावसारखं 'स्टेशनासमोर भेटू' चालत नाही. पूर्वेकडच्या दारासमोर मोठ्या स्क्रीनवर थ्रीडी मांजर दिसतं, ती खूण सोपी. पहिल्यांदा जाताय तर अर्धा तास आधी पोचा.

शहापूरची सुगरण
आईंचं सांगते. ओमोइदे योकोचो ही पश्चिमेकडची बोळ बघायला छान, पण तिथं मुख्य धंदा कोंबडीच्या काड्यांचा. मिरची, शिताके अळंबी भाजून देतात, पण त्याच जाळीवर. सूप, सॉस, उकडलेली भाजी, बहुतेक सगळ्यात 'दाशी' म्हणजे बहुधा वाळवलेल्या माशाचं पाणी असतं. 'मांस नको' म्हटलं तरी ते जात नाही, कारण त्यांच्या हिशेबी ते मांस नव्हेच. थंड टोफूवरसुद्धा माशाचा कीस टाकून देतात. 'कात्सुओबुशी नुकी' म्हणा, म्हणजे तो वगळून. त्यावरचा सोया सॉसही साधा आहे का विचारून घ्या, दाशी घातलेला असू शकतो. खात्रीचं म्हणजे एदामामे, कोवळ्या सोयाबीनच्या मिठातल्या शेंगा. पोट त्यानं भरत नाही. आईंना सहाच्या आधीच जेवायला घालून न्या, आणि बुकिंगमध्ये नुसतं 'व्हेज' न लिहिता 'मासे आणि दाशीही नको' असं लिहा. टूरवाले नाही म्हणाले तर ते प्रामाणिक समजा.

खानापूर रोड
गुडघ्यांचं राहिलं. तीन तासांत चाल दोन-तीन किलोमीटरच, पण गोल्डन गाईतले बरेच बार माडीवर आहेत आणि जिने शिडीसारखे उभे. 'तळमजल्यावरचाच बार हवा' असं आधी कळवा. बसायला उंच स्टुलं, पाठ टेकायला काही नाही. बाथरूमला स्टेशनातच जाऊन या.

वेळ: नोव्हेंबरात पाचच्या आत अंधार पडतो. ओमोइदे सहाला, काबुकिचो सातला, गोल्डन गाई साडेआठनंतर. त्याआधी तिथं निम्मी दारं बंदच. शेवटच्या गाड्या बारा-साडेबाराच्या सुमारास, नंतर पहाटे साडेचार-पाचपर्यंत काही नाही. टॅक्सीला रात्री 10 ते पहाटे 5 वीस टक्के जादा. रात्री दहाला बारमधून उठलात तर आरामात पोचाल.

टिळकवाडीकर
मग गोल्डन गाईपुरताच खासगी गाइड दीड-दोन तास मिळतो का? आणि टिप किती द्यायची?

निपाणीकर
मिळतो, फक्त वेळ साडेआठची मागा. टिप द्यायची नाही, देऊ केली तर अवघडतात. रोख मात्र ठेवा, बरेच छोटे बार कार्ड घेत नाहीत. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून आपलं कार्ड चालतं, निघायच्या आधी बँकेत परदेशी व्यवहार चालू करून घ्या. आणि बोळात फोटो काढायच्या आधी विचारा, तिथं तसे फलकच लावलेत.